घर तेच, मतदारसंघ नवा: नॉर्थ कॅरोलायनाचे नकाशे कोण आखते?

केरीकर

११ डिसेंबर २०२५ रोजी इंडियाना राज्याच्या सिनेटने अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांचा नवा नकाशा ३१ विरुद्ध १९ मतांनी फेटाळला. त्या सिनेटमध्ये रिपब्लिकन पक्षाचे भक्कम बहुमत आहे, नकाशा त्याच पक्षाच्या फायद्याचा होता आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तो मंजूर व्हावा म्हणून उघडपणे दबाव आणला होता. तरीही त्यांच्याच पक्षाच्या २१ सदस्यांनी विरोधात मत दिले. बातमी वाचून मला मनापासून बरे वाटले आणि पाठोपाठ माझ्या राज्याची आठवण होऊन वाईटही वाटले, कारण नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने ऑक्टोबरमध्ये असाच एक नकाशा आठवडाभरात मांडून मंजूरही करून टाकला होता.

मी या राज्यातील केरी या शहरात सतरा वर्षे एकाच घरात राहते आणि २०१४ पासून येथे मतदान करते. २०१४ ते २०२६ या काळातील सात निवडणुकांसाठी या राज्याने सहा निरनिराळे नकाशे वापरले आहेत, किंवा वापरायचे ठरवले आहेत. जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि तिच्यानंतर सीमा नव्याने आखाव्या लागतात, हे सर्वांना मान्य आहे. परंतु या काळात जनगणना फक्त एकदा, २०२० साली झाली. बाकीचे बदल माणसांनी जागा बदलल्या म्हणून झालेले नाहीत.

याचा त्रास रोजच्या व्यवहारात कसा होतो ते सांगते. आईच्या ग्रीन कार्डाचा अर्ज बराच काळ अडकून पडला होता, तेव्हा येथील पद्धतीप्रमाणे मी आमच्या खासदारांच्या स्थानिक कार्यालयाकडे गेले. तेथील बाईंनी संमतीपत्रावर सही घेतली, पावत्यांच्या प्रती ठेवून घेतल्या आणि तीन महिने मनापासून पाठपुरावा केला. मग जानेवारी २०२५ उजाडला, नवा नकाशा अमलात आला आणि आमचा भाग दुसऱ्या मतदारसंघात गेला. नव्या कार्यालयाने सौजन्याने सांगितले की संमतीपत्र पुन्हा भरून द्यावे लागेल. त्यांची चूक काहीच नव्हती. पुन्हा तीच पाने भरताना माझ्या मनात एवढेच आले की मी या खासदारांना निवडले नाही आणि आधीच्यांना नाकारलेही नाही. राज्याच्या राजधानीत, रॅलेमध्ये, कोणीतरी संगणकावर एक रेघ सरकवली आणि माझा प्रतिनिधी बदलला.

थोडी पूर्वपीठिका देणे आवश्यक आहे. २०१० च्या निवडणुकीत येथील विधिमंडळ रिपब्लिकन पक्षाकडे गेले आणि २०११ चा नकाशा त्यांनी आखला. २०१२ मध्ये राज्यभरात डेमोक्रॅटिक उमेदवारांना एकूण मते जास्त पडली, तरी १३ पैकी फक्त ४ जागा त्यांच्या वाट्याला आल्या. विरोधकांचे मतदार एक तर मोजक्या मतदारसंघांत कोंबायचे, नाही तर अनेक मतदारसंघांत फोडून पातळ करायचे, ही जुनी युक्ती आहे. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या नावावरून तिला जेरीमँडरिंग हे नाव मिळाले. २०१६ च्या आरंभी संघीय न्यायालयाने आमच्या नकाशातील दोन मतदारसंघ वंशाच्या आधारे आखल्याचे सांगून रद्द केले. त्यावर विधिमंडळाने काय केले? नकाशा समितीचे एक प्रमुख डेव्हिड लुईस यांनी भर बैठकीत सांगितले की आम्ही हा नकाशा १० रिपब्लिकन आणि ३ डेमोक्रॅट निवडून यावेत असाच काढत आहोत, कारण ११ विरुद्ध २ असा नकाशा काढणे शक्य आहे असे आपल्याला वाटत नाही. म्हणजे वंश पाहून केले तर घटनाबाह्य ठरते, म्हणून पक्ष पाहून केल्याची कबुली देऊन मोकळे व्हायचे.

त्याच नकाशाने ग्रीन्सबरो येथील नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठाचे दोन तुकडे केले. विद्यापीठाच्या आवारातून जाणाऱ्या लॉरेल स्ट्रीटवरून सीमारेषा नेली होती. मी त्या रस्त्यावरून चालले आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विद्यापीठच आहे, तीच मुले खांद्याला पिशव्या लावून इकडून तिकडे ये-जा करतात, आणि वसतिगृहाची खोली बदलून रस्त्यापलीकडे गेले की मतदारसंघ बदलत असे. दोन्ही बाजूंच्या मतदारसंघांत या विद्यार्थ्यांचे मत निकालावर परिणाम करू शकणार नाही, अशी व्यवस्था त्यातून साधली गेली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ जून २०१९ रोजी रूचो विरुद्ध कॉमन कॉज या खटल्यात ५ विरुद्ध ४ असा निकाल लागला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी अशा नकाशांचे निकाल अन्याय्य वाटतात हे मान्य केले, परंतु पक्षीय आखणी हा राजकीय प्रश्न आहे आणि तो संघीय न्यायालयांच्या कक्षेबाहेरचा आहे, असे सांगितले. मग लोक राज्याच्या न्यायालयांकडे वळले आणि २०१९ मध्येच नवा नकाशा मिळाला. २०२२ च्या फेब्रुवारीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढचा पक्षीय नकाशाही रद्द केला. न्यायालयाने आखून दिलेल्या नकाशावर त्या वर्षी ७ आणि ७ असा निकाल लागला, जो आमच्यासारख्या जवळजवळ निम्म्या-निम्म्या राज्याला शोभणारा होता. त्याच नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्तींच्या निवडणुका झाल्या, न्यायालयात रिपब्लिकन न्यायमूर्तींचे ५ विरुद्ध २ असे बहुमत झाले, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने आपलाच निर्णय फिरवला. कायद्यातील एक अक्षर बदलले नव्हते. २०२४ मध्ये निकाल १० विरुद्ध ४ लागला. कॅथी मॅनिंग, वायली निकेल आणि जेफ जॅक्सन हे तीन डेमोक्रॅटिक खासदार पुन्हा उभेच राहिले नाहीत, कारण त्यांच्या मतदारसंघांत लढण्यासारखे काही उरले नव्हते.

आता देशाचा हिशेब पाहावा. २०२४ च्या निवडणुकीत प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन २२० आणि डेमोक्रॅट २१५ निवडून आले. या तीन जागा जुन्याच बाजूला राहिल्या असत्या तर आकडे २१७ आणि २१८ झाले असते, म्हणजे वॉशिंग्टनमधील सभागृहाचे बहुमत आमच्या एका राज्यातील रेघांवर फिरले असते. हे ध्यानात आल्यावर २०२५ मध्ये टेक्सासपासून पुढे नकाशे बदलण्याचे जे सत्र सुरू झाले त्याचे नवल वाटत नाही.

ताज्या नकाशाने राज्याच्या ईशान्येकडील पहिला मतदारसंघ आणि त्याच्या शेजारचा तिसरा, एवढेच बदलले आहेत. माझे घर या वेळी वाचले. परंतु पहिला मतदारसंघ १९९२ पासून सातत्याने कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडून देत आला आहे, आणि तो ११ विरुद्ध ३ या हिशेबासाठी मोडला जात आहे. आमचे गव्हर्नर डेमोक्रॅट आहेत, तरी ते काहीही करू शकत नाहीत, कारण मतदारसंघांच्या नकाशावर गव्हर्नरांना नकाराधिकार नाही.

माझे म्हणणे असे आहे की रेघ सरळ की वाकडी हा प्रश्न दुय्यम आहे. ज्याला त्या रेघेवरून निवडून यायचे आहे त्याच्या हाती पेन्सिल असावी का, हा खरा प्रश्न आहे. निरनिराळ्या राज्यांत राहणाऱ्या सभासदांचे अनुभव, विशेषतः माझ्याशी असहमत असणाऱ्यांचे, वाचायला आवडतील.

ब्लूबॉनेट

केरीकर ताई, लेख तळमळीने लिहिला आहे आणि तथ्ये नीट दिली आहेत, म्हणून मीही तेवढ्याच गांभीर्याने उत्तर देतो. मी टेक्सासमध्ये बावीस वर्षे आहे आणि बहुतेक वेळा रिपब्लिकन उमेदवारांना मत देतो.

राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील चौथ्या कलमाने निवडणुकांची वेळ, स्थळ आणि पद्धत ठरवण्याचा अधिकार राज्यांच्या विधिमंडळांना दिला आहे आणि त्यात बदल करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला. म्हणजे जो निर्णय घेतो तो लोकांना उत्तरदायी असावा, हे तत्त्व त्यामागे आहे. न्यायमूर्तींनी न्याय्य नकाशा कोणता हे ठरवायचे म्हटले तर ते कोणत्या मोजपट्टीने ठरवणार? एकूण मतांच्या प्रमाणात जागा, ही मोजपट्टी घटनेत कोठेही नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२४ साली ट्रम्प यांना एक तृतीयांशाहून अधिक मते मिळाली, पण तेथील नऊच्या नऊ खासदार डेमोक्रॅट आहेत. १९९४ नंतर तेथून प्रतिनिधिगृहावर एकही रिपब्लिकन निवडून आलेला नाही. इलिनॉयमध्ये ट्रम्प यांना सुमारे ४३ टक्के मते होती आणि १७ पैकी केवळ ३ जागा रिपब्लिकनांच्या आहेत. त्या राज्यांबद्दल धागे का निघत नाहीत, असा प्रश्न आमच्यासारख्यांच्या मनात येतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करतो. २०२५ मध्ये टेक्सासने जनगणना नसताना, राष्ट्राध्यक्षांनी पाच जागा मागितल्या म्हणून नकाशा बदलला, हे मला पटलेले नाही. २००३ साली टेक्सासचे रिपब्लिकन नेते टॉम डीले यांच्या आग्रहाने हेच झाले होते, तेव्हा डेमोक्रॅटिक आमदार गणसंख्या मोडण्यासाठी शेजारच्या ओक्लाहोमात जाऊन राहिले होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते इलिनॉयला गेले. नोव्हेंबरमध्ये तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने नवा नकाशा अडवला आणि ४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो वापरण्यास मोकळीक दिली. माझ्या पक्षाचा फायदा झाला, परंतु दहा वर्षांचा करार मधेच मोडणे हे पुराणमतवादी वृत्तीशी सुसंगत आहे असे मी म्हणू शकत नाही.

तळ्याकाठी

इलिनॉयचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. आमच्याकडील नकाशा हा पक्षीय नकाशाच आहे आणि तो आमच्या पक्षाने, म्हणजे डेमोक्रॅटांनी, काढला आहे. यात सारवासारव करण्यासारखे काही नाही.

२०१६ साली स्वतंत्र आयोगाच्या मागणीसाठी येथे सह्यांची मोहीम झाली, तेव्हा मी शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या रेल्वे स्थानकाबाहेर सकाळच्या गाडीच्या वेळी उभा राहत असे. एप्रिलचे दिवस होते, हातमोजे काढल्याशिवाय सही करता येत नसे, आणि शिकागोची गाडी गाठायच्या घाईत असूनही लोक थांबत. कोणत्या पक्षाचे आहात असे विचारणारे थोडे होते. विषय सांगितला की बहुतेक जण पेन हातात घेत. राज्यभरातून पाच लाखांहून अधिक सह्या जमा झाल्या. ऑगस्टमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी तो प्रश्न मतपत्रिकेवर येऊच दिला नाही. चारही न्यायमूर्ती डेमोक्रॅट होते. त्या दिवसापासून मी हा विषय कोणा एका पक्षाचा मानत नाही.

सदाशिवकर

पुण्यातून वाचणाऱ्या माझ्यासारख्याला एक साधा प्रश्न पडतो. आपल्याकडे लोकसभा आणि विधानसभेच्या मतदारसंघांची पुनर्रचना परिसीमन आयोग करतो. २००२ च्या कायद्याखालील आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते, निवडणूक आयोगाचा प्रतिनिधी होता, आणि खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसत असले तरी त्यांना मताचा अधिकार नव्हता. आपल्याकडील मावळ, शिरूर आणि पालघर हे लोकसभा मतदारसंघ त्याच पुनर्रचनेतून २००८ मध्ये निर्माण झाले. एवढा जुना आणि श्रीमंत लोकशाही देश असे करू शकत नाही, याचे आश्चर्य वाटते.

अर्थात महापालिकांच्या प्रभाग रचनेकडे पाहिले की माझी मान खाली जाते. मुंबईचे प्रभाग २२७ वरून २३६ झाले आणि सरकार बदलताच पुन्हा २२७ झाले. पुण्यात चारचा प्रभाग की तीनचा, हा घोळ वर्षानुवर्षे चालला, आणि २०१७ नंतरचे मतदान थेट १५ जानेवारी २०२६ पर्यंत लांबले. ज्याच्या हाती सत्ता त्याच्या हाती प्रभाग, हा अनुभव आम्हालाही आहे.

गणिती

ब्लूबॉनेट यांनी मोजपट्टीचा प्रश्न विचारला आहे आणि तो रास्त आहे. जागा मतांच्या प्रमाणात नाहीत, एवढ्यावरून नकाशा अन्याय्य ठरत नाही, हे त्यांचे म्हणणे गणितानेही खरे आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये रिपब्लिकन मतदार राज्यभर इतके समप्रमाणात पसरलेले आहेत की काही निवडणुकांच्या आकडेवारीवर, कितीही कौशल्याने रेघा मारल्या, तरी त्यांचे बहुमत असलेला एकही मतदारसंघ काढता येत नाही, असे गणितज्ञांनी दाखवून दिले आहे. तेथे दोष नकाशाचा नाही. एका मतदारसंघातून एकच माणूस निवडण्याच्या पद्धतीचा तो परिणाम आहे.

परंतु म्हणून मोजपट्टीच नाही, असे होत नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक चांगली पद्धत तयार झाली आहे. राज्याचेच नियम घ्यायचे, म्हणजे समान लोकसंख्या, सलगता, शक्यतो काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) न फोडणे; आणि त्या नियमांत बसणारे हजारो नकाशे संगणकाकडून काढून घ्यायचे, ज्यात संगणकाला मतदारांचा पक्ष कळू द्यायचा नाही. मग जुन्या मतदानाची आकडेवारी प्रत्येक नकाशावर ठेवून पाहायची. राज्याचा भूगोल, शहरांत एकवटलेली वस्ती, सारे त्या हजारो नकाशांत आपोआप येते, म्हणून तुलना राज्याची स्वतःशीच होते. रूचो खटल्यात एका तज्ज्ञाने असे ३,००० नकाशे सादर केले होते. विधिमंडळाच्या नकाशापेक्षा निदान एक डेमोक्रॅट जास्त निवडून येईल असा निष्कर्ष त्यांपैकी किती नकाशांनी दिला? सर्वच्या सर्व ३,००० नकाशांनी. आणि सुमारे ७७ टक्के नकाशांत तीन किंवा चार डेमोक्रॅट जास्त येत होते. न्यायमूर्ती एलेना केगन यांच्या विरोधी निकालपत्रात हे सविस्तर आले आहे. तीन हजारांत एकदाही जे घडत नाही, ते विधिमंडळाच्या हातून पहिल्याच प्रयत्नात घडते, याला योगायोग म्हणता येणार नाही.

मला वाटते न्यायालयाजवळ मोजपट्टी होती आणि त्याने ती वापरायचे नाकारले. अर्थात किती टोकाचा नकाशा म्हणजे अतिरेक, ही सीमा कोठे ठेवायची हा निर्णय गणिताने होणार नाही, एवढे मी मान्य करतो.

सदाशिवकर

मग थेट नियमच करावा की मतदारसंघ आटोपशीर, चौकोनी आकाराचे असावेत. सर्वांना नकाशा पाहून कळेल आणि तज्ज्ञांची गरज उरणार नाही.

केरीकर

सदाशिवकर, मलाही पूर्वी असेच वाटत असे. आमच्या राज्याच्या इतिहासाने माझे मत बदलले, म्हणून ही गोष्ट जरा विस्ताराने सांगते.

आमच्या राज्यातील जॉर्ज हेन्री व्हाइट हे कृष्णवर्णीय खासदार १९०१ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडले. जाताना केलेल्या भाषणात त्यांनी सांगितले होते की आमचा समाज राखेतून उठून एक दिवस येथे परत येईल. मतदारांची साक्षरता परीक्षा, मतदान कर आणि धाकदपटशा यांमुळे तो दिवस यायला १९९२ साल उजाडावे लागले. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याच्या आधाराने दोन मतदारसंघ आखले गेले, आणि पहिल्यातून एव्हा क्लेटन व बाराव्यातून मेल वॉट निवडून आले. त्यांतील बारावा मतदारसंघ दिसायला अत्यंत विचित्र होता. तो सुमारे १६० मैल लांब होता आणि बऱ्याच अंतरापर्यंत पंच्याऐंशी क्रमांकाच्या महामार्गाएवढाच रुंद होता. गाडीची दोन्ही दारे उघडी ठेवून त्या रस्त्याने गेलात तर मतदारसंघातील बहुतेक लोक मरतील, असे एका आमदाराचे उद्गार सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातही नोंदले गेले आहेत. १९९३ च्या शॉ विरुद्ध रीनो या निकालात न्यायालयाने त्या आकाराकडे बोट दाखवूनच आक्षेप घेतला.

उलट २०१६ चा १० विरुद्ध ३ नकाशा पाहावा. तो दिसायला बराच नीटनेटका होता. काउंट्या फारशा फोडलेल्या नव्हत्या, शेपट्या नव्हत्या, आणि तरीही तो तीन हजारांत एक न सापडणारा होता. म्हणजे ज्या मतदारसंघाकडे पाहून लोक हसले त्याने ९१ वर्षांनी बंद दार उघडले होते, आणि ज्या नकाशाकडे पाहून डोळ्यांना खटकत नव्हते त्याने निम्म्या मतदारांचे मत निरर्थक केले. शिवाय आटोपशीर चौकोन काढले तर एका शहरात दाटीने राहणारा पक्ष आपोआप एका चौकोनात कोंबला जातो. म्हणून मी आकारावर विश्वास ठेवत नाही, काढणाऱ्यावर लक्ष ठेवते.

खाडीपलीकडे

मी कॅलिफोर्नियात आहे, आणि काढणारा कोण या प्रश्नाचे चांगले उत्तर आमच्याजवळ होते, हे दुःखाने सांगते. २००८ आणि २०१० च्या जनमत कौलांनी येथे नागरिकांचा आयोग आला. त्यात १४ सदस्य असतात: ५ डेमोक्रॅट, ५ रिपब्लिकन आणि ४ कोणत्याही मोठ्या पक्षाचे नसलेले. पहिल्या आठ जणांची नावे चिठ्ठ्या टाकून निघतात, आणि नकाशा मंजूर व्हायला तिन्ही गटांतील प्रत्येकी निदान तीन मते लागतात. आयोगाच्या सुनावणीत मी एकदा तीन मिनिटे बोलले आहे. आमची वस्ती, शाळा आणि बाजार एकाच बाजूला राहावेत एवढेच सांगायचे होते. सदस्यांनी नकाशा पडद्यावर मोठा करून रस्त्यांची नावे मला पुन्हा विचारून घेतली.

मग टेक्सासने पाच जागांसाठी नकाशा बदलला आणि गव्हर्नर न्यूसम यांनी त्याला उत्तर म्हणून प्रस्ताव ५० आणला. आयोगाचा नकाशा २०२६, २०२८ आणि २०३० या निवडणुकांपुरता बाजूला ठेवायचा आणि डेमोक्रॅटांना पाच जागा अनुकूल होतील असा विधिमंडळाचा नकाशा वापरायचा. टपालाने आलेली मतपत्रिका आमच्या स्वयंपाकघरातील टेबलावर बारा दिवस पडून होती. एकच प्रश्न, होय किंवा नाही. माझे यजमान पहिल्या दिवशीच होय म्हणून मोकळे झाले. आमचा मुलगा पहिल्यांदाच मतदान करत होता. त्याने विचारले की शाळेत तुम्ही मला आयोगाचा धडा अभिमानाने समजावून सांगितला होता, तो आता खोटा का? मी अखेरीस होय असेच मत दिले, कारण एका बाजूने नियम पाळायचे आणि दुसऱ्या बाजूने नाहीत, यातून नियम वाचत नाहीत असे मला वाटले. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी प्रस्ताव सुमारे ६४ टक्के मतांनी मंजूर झाला. मुलाने नाही असे मत दिले. त्याचे म्हणणे चुकीचे होते, असे मी आजही म्हणू शकत नाही.

उत्तर कॅलिफोर्नियातील डोंगराळ काउंट्यांत राहणाऱ्या रिपब्लिकन शेतकऱ्यांचा टेक्सासशी काही संबंध नव्हता. त्यांच्या मतदारसंघाला आता किनाऱ्याजवळच्या डेमोक्रॅटिक वस्त्या जोडल्या आहेत. ग्रीन्सबरोच्या विद्यार्थ्यांवर जो अन्याय झाला तोच यांच्यावर झाला आहे, आणि या वेळी त्यात माझी सही आहे.

ब्लूबॉनेट

आपल्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल मनापासून आभार. आमच्या बाजूचे लोक हेच ऐकण्यासाठी थांबलेले असतात.

गणिती यांच्या प्रतिसादावर दोन दिवस विचार केला. न्यायाधीशांनी यात पडू नये, हे माझे मत अजून कायम आहे, आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या न्यायालयाने चौदा महिन्यांत आपलाच निर्णय फिरवला, यावरून तर ते अधिकच पक्के होते. परंतु घटनेचे तेच चौथे कलम काँग्रेसला अधिकार देते, हे मीच वर लिहिले आहे. दोन जनगणनांच्या मध्ये नकाशा बदलायचा नाही, असा एका वाक्याचा संघीय कायदा पन्नासही राज्यांना एकाच दिवशी लागू होणार असेल, तर मी त्याला पाठिंबा देईन. आयोगांच्या बाबतीत मी अजून साशंक आहे, कारण कोणत्याही पक्षाचे नसलेले म्हणवणारे सदस्य खरोखर कोण आहेत, हे तपासणे अवघड असते.

तळ्याकाठी

एका दिवशी सर्वांना, हीच तर अडचण आहे. २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहाने सर्व राज्यांत स्वतंत्र आयोग अनिवार्य करणारे विधेयक मंजूर केले होते. सिनेटमध्ये ६० मतांच्या अटीपुढे ते अडले. ज्या सभागृहाचे सदस्य या नकाशांवरून निवडून येत नाहीत, त्याच सभागृहात ते अडावे, याचे मला आजही वैषम्य वाटते. मिशिगनमध्ये २०१८ साली लोकांनी सह्या गोळा करून जनमत कौलाने आयोग आणला. मिसुरीत २०२५ च्या सप्टेंबरमध्ये कॅन्सस सिटीचे तुकडे करणारा नकाशा मंजूर झाला, तेव्हा लोकांनी त्यावर सार्वमत घ्यावे म्हणून तीन लाखांहून अधिक सह्या त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सादर केल्या. केरीकर ताई, आपल्या राज्यात अशी मोहीम का होत नाही?

केरीकर

तळ्याकाठी, होत नाही कारण होऊ शकत नाही. नॉर्थ कॅरोलायनात नागरिकांना सह्या गोळा करून कायदा किंवा घटनादुरुस्ती मतपत्रिकेवर आणण्याचा अधिकारच नाही. घटनादुरुस्ती मतदारांपुढे ठेवायची की नाही हे विधिमंडळ ठरवते, आणि विधिमंडळाचे स्वतःचे मतदारसंघही तेच आखते. संघीय न्यायालयांनी दार लावून घेतले आहे, गव्हर्नरांना नकाराधिकार नाही, सह्यांचा मार्ग नाही. उरते ते राज्याचे सर्वोच्च न्यायालय, आणि त्याचे न्यायमूर्ती आम्ही निवडतो, संपूर्ण राज्यातून, जेथे कोणतीही मतदारसंघाची रेघ आड येत नाही. ब्लूबॉनेट यांना न्यायालयांनी यात पडू नये असे वाटते, त्याचा मला आदर आहे. परंतु येथे दुसरा दरवाजाच ठेवलेला नाही.

या राज्यातील मराठी मंडळींसाठी म्हणून लिहिते. २०२६ ची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, ३ मार्चची. ज्या मतदारसंघांत नोव्हेंबरचा निकाल नकाशानेच ठरवला आहे, तेथे खरी निवड मार्चमध्येच होते. आपल्यापैकी पुष्कळांनी नोंदणी करताना कोणताच पक्ष लिहिलेला नाही, आणि त्यामुळे प्रायमरीत आपल्याला मत नाही असा समज करून घेतला आहे. तो समज चुकीचा आहे. पक्षाशिवाय नोंदणी असलेल्या मतदाराला मतदान केंद्रावर कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते. माझ्या शेजारच्या काकूंना हे गेल्या वर्षी कळले, तोपर्यंत त्यांनी चार प्रायमरी घरी बसून घालवल्या होत्या.

नोव्हेंबर २०२६ मध्ये न्यायमूर्ती अनिता अर्ल्स यांची जागा निवडणुकीला आहे. न्यायमूर्तींची नावे मतपत्रिकेवर बरीच खाली असतात, आणि वरचे मोठे पद भरून झाले की लोक कागद यंत्रात सारून मोकळे होतात. २०२४ मध्ये याच न्यायालयाच्या एका जागेसाठी ५५ लाखांहून अधिक मते पडली, ॲलिसन रिग्ज ७३४ मतांनी निवडून आल्या, आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने निकाल मान्य करेपर्यंत मे २०२५ उजाडला. आमच्या गणेशोत्सवाच्या दिवशी सभागृहाबाहेर चपलांचे ७३४ हून जास्त जोड असतात. संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगुळाच्या टेबलाशेजारी मी नोंदणीचे अर्ज आणि नमुना मतपत्रिका घेऊन बसणार आहे. ज्यांना आपला सध्याचा मतदारसंघ कोणता हे पाहायचे असेल, त्यांनी फक्त घराचा पत्ता घेऊन यावे.